पंख्याला पैकीच्या पैकी, बाटलीला भोपळा

नागपुरात गांधीबाग आणि इतवारीच्या मधे एक बोळ आहे. ऑटोवाला तोंडाशीच सोडतो, पुढचं पायी. तिथे हे वर्कशॉप. पाटी नाही. बाहेर फवारणी पंपांची रांग, आत दोन लेथ, एक ग्राइंडर, भिंतीवर गजानन महाराज आणि त्यांच्या खाली काळ्या बोटांचे ठसे पडलेलं कॅलेंडर. पेट्रोलचे पंप, गवत कापायच्या मशीन, चेन-सॉ ही मिस्त्रींची रोजची भाकर. नायट्रो इंधनावर पळणाऱ्या, रिमोटच्या मॉडेल बोटी आणि विमानं घेऊन येणारे माझ्यासारखे रिकामटेकडे महिन्याला दोन-चार. नाव-पत्ता मुद्दाम देत नाही, कारण पुढे कौतुक आहे तशी तक्रारही आहे. ज्याला खरंच गरज आहे त्याला इतवारीत दोघांना विचारलं की दुकान सापडतं.

मी कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाइन मेंटेनन्सला एकतीस वर्षं काढली. शाळेत नेव्हल एनसीसीत होतो, तिथे शिप मॉडेलिंगचा नाद लागला. नोकरीत तो झोपला आणि निवृत्तीनंतर उठून बसला. बोट ६६ सेंटीमीटरची, फायबरची, खोल व्ही तळाची. आत ३.५ सीसीचं, पाण्यानं थंड होणारं सेकंडहँड इंजिन, ट्यून्ड पाइप (ठरावीक फेऱ्यांवर ताकद वाढवणारा, मापात बसवलेला एक्झॉस्ट) आणि पितळी नळीतून जाणारा लवचिक शाफ्ट. घेतली तेव्हा विकणाऱ्यानं सांगितलं होतं की नवं पिस्टन आणि लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) टाकलंय, फक्त रन-इन करून घ्या, म्हणजे सुरुवातीला जपून चालवून भाग एकमेकांत बसू द्या. ते मी केलं, आणि तिथेच माती खाल्ली.

गेल्या श्रावणात इंजिन मिस्त्रींच्या बेंचवर ठेवलं. त्यांनी काही विचारलं नाही. प्लग न काढता अंगठ्यानं फ्लायव्हील फिरवलं, दोनदा मागेपुढे केलं आणि म्हणाले, "काकाजी, हे इंजिन तुमी घाबरत घाबरत चालवलं ना?"

मी म्हटलं, "नवं होतं. रिच ठेवून थंड थंड चालवलं, दोन टाक्या."

"तेच तर. थंडं चालवलं म्हणूनच मेलं."

झालं होतं ते असं. या इंजिनात पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर पितळी आणि त्याला आतून क्रोम. लायनर वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळता केलेला असतो. थंड असताना पिस्टन वर येऊन अडकतो, नवशिक्याला वाटतं इंजिन जाम आहे. त्या अडकण्याला सगळे पिंच म्हणतात. इंजिन तापलं की वरचा भाग जास्त गरम होतो, पितळ पसरतं, लायनर सरळ होतो आणि पिस्टनला जेवढी पाहिजे तेवढी जागा मिळते. म्हणजे हे माप गरम अवस्थेसाठी घेतलेलं आहे. मी भरपूर इंधन पाजून, म्हणजे मिश्रण रिच करून, इंजिन थंड ठेवलं, तेव्हा दर फेऱ्याला पिस्टन त्या अरुंद गळ्यात घासत होता. दोन टाक्यांत गळा मोठा झाला, पिंच गेला, कॉम्प्रेशन गेलं.

मला लाज कशाची वाटली ते सांगतो. टर्बाइन सुरू करताना रोटर आणि केसिंग वेगवेगळ्या वेगानं लांबतात. ते डिफरन्शियल एक्स्पान्शन आम्ही डोळ्यांत तेल घालून बघायचो. मशीन पुरती तापल्याशिवाय लोड नाही, हे मी पन्नास पोरांना शिकवलं असेल. आणि तोच मी घरच्या गच्चीवर हे करून बसलो.

मिस्त्रींनी लायनर काढला, लेथवर स्वतः बनवलेल्या कॉलेटमध्ये धरला आणि वरून थोडा थोडा दाबत पिस्टनशी बसवून बघितला. हे काम मायक्रोमीटरपेक्षा हाताचं आहे. जास्त दाबला तर क्रोमला तडा जातो, मग लायनर भंगारात. मजुरी सातशे रुपये. वेळ मात्र विचारू नका. "पोळ्याच्या आधी देतो" म्हणाले होते. पोळा गेला, मारबत गेली, गणपती बसले आणि उठले. इंजिन हातात आलं ते पितृपक्षात. आमची मंडळी म्हणाली, आता या दिवसांत नवीन वस्तू घरात कशाला? मी म्हटलं, जुनीच आहे, श्राद्ध टळलं म्हणून परत आली.

रन-इन कसं करायचं ते त्यांनी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहून दिलं. ते पान मी जपून ठेवलंय. हेड आधी केस वाळवायच्या ड्रायरनं हाताला सोसणार नाही इतकं तापवायचं. मग सुरू करायचं. मिश्रण थोडं रिच, पण इंजिन तापलं पाहिजे. दोन-तीन मिनिटं चालवून बंद. फ्लायव्हील फिरवून पिस्टन खालच्या टोकाला आणून ठेवायचा, म्हणजे लायनर आवळताना पिस्टन गळ्यात सापडत नाही. पूर्ण थंड होऊ द्यायचं. असं सहा-सात वेळा. "घाई नोको" या दोन शब्दांखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या. स्वतः एका कामाला दीड महिना लावणाऱ्या माणसानं हे लिहावं, हे मला फार आवडलं.

प्लगचं निदानही त्यांचं चांगलं आहे. ग्लो प्लगला बॅटरी लागते ती फक्त सुरू करताना. पुढे प्लॅटिनमच्या तारेवर मिथेनॉलची वाफ आपोआप पेटत राहते. रे आर्डननं १९४७ च्या सुमारास अमेरिकेत हा प्लग बाजारात आणला आणि मॉडेलवाल्यांची ठिणगी पाडणाऱ्या कॉइल-पॉइंटच्या कटकटीतून सुटका झाली. पण त्यामुळे स्पार्कसारखं टायमिंग फिरवायची सोयही गेली. इंधन लवकर पेटायचं की उशिरा, हे कॉम्प्रेशन, प्लगचा गरमपणा आणि इंधनातलं नायट्रो ठरवतं. मिस्त्रींनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून माझा जुना प्लग बघितला. तार चेपलेली, चमक गेलेली. हेडच्या आतल्या कडेला वाळूनं घासल्यासारखे ठिपके. हे डिटोनेशन. नायट्रो जास्त आणि कॉम्प्रेशनही जास्त, म्हणून इंधन वेळेच्या आधी पेटतं. त्यांनी हेडखाली ०.१ मिलिमीटरची एक शिम, म्हणजे पातळ चकती, वाढवली आणि एक पायरी थंड प्लग सांगितला. त्यानंतर आजवर एकच प्लग गेला, तोही माझ्या हातून पान्यानं तुटला.

आता पंखा. मिस्त्री प्रॉपेलरला पंखाच म्हणतात, मीही म्हणतो.

इंजिन घेऊन गेलो तेव्हा सोबत बोटही होती. माझ्यासोबत पुतण्या होता, त्याला नीडलचं, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या इंधन कमीजास्त करायच्या सुईचं वेड. तो मिस्त्रींना सांगत होता की बोट सुरुवातीला छान पळते, पण सरळ पल्ल्याच्या शेवटी आवाज बसतो, नीडल कितीही फिरवली तरी जागेवर राहत नाही. मिस्त्रींनी नीडलकडे बघितलंही नाही. बोट उलटी केली, पंख्याच्या पात्यावरून नख फिरवलं. "पंखा बिमार हाये, पोट्ट्या. इंजिन नाही."

तो पंखा ऑक्टुराचा एक्स ४४२. या कंपनीच्या एक्स मालिकेत आकड्यातच सगळं लिहिलेलं असतं. शेवटचे दोन आकडे म्हणजे व्यास, ४२ मिलिमीटर. आधीचा ४ म्हणजे पिच व्यासाच्या १.४ पट. म्हणजे एका फेऱ्यात हा पंखा, पाणी अजिबात निसटलं नाही तर, ५८.८ मिलिमीटर पुढे सरकेल. आधीच्या मालकानं वेगाच्या लोभानं हा मोठा पंखा लावला होता. मिस्त्री म्हणाले ४० चा लावा. मला वाटलं, दोन मिलिमीटरनं काय होतं? घरी येऊन आकडा मांडला. एकाच आकाराच्या पंख्याला त्याच फेऱ्यांवर लागणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घातानं वाढते. ४२ भागिले ४०, त्याचा पाचवा घात, म्हणजे १.२८. दोन मिलिमीटरसाठी सव्वा पटीहून जास्त ताकद! ३.५ सीसीच्या जिवावर एवढं ओझं टाकलं तर इंजिन त्याच्या पाइपच्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही, खालीच घुसमटत राहतं.

एक्स ४४० पुतण्यानं बाहेरून मागवला. तो येतो तो कच्चा ओतीव, कडा बोथट, जाडी कमीजास्त. तसाच लावणारे लोक मी पाहिलेत आणि नंतर नीडलला शिव्या देतानाही पाहिलेत. मिस्त्री त्याला तीन दिवस घेऊन बसले. आधी पुढची कड दाढीच्या पात्यासारखी केली. मग तोल. दोन दाढीची ब्लेड काचेवर समांतर उभी करून लेव्हल केलेली, त्यांच्यावर पॉलिश केलेली पिन, पिनेवर पंखा. जड पातं खाली येतं. धातू काढायचा तो पात्याच्या मागच्या, पाणी न ढकलणाऱ्या बाजूनं; पाणी ढकलणाऱ्या अंगाला हात लावायचा नाही. थोडं घासायचं, पुन्हा ठेवायचं. शेवटी पंखा कसाही ठेवला तरी तिथेच थांबला. मी मुद्दाम फुंकर मारून बघितली.

माझ्यासारख्या माणसाला यात काय दिसतं, ते टर्बाइनवाल्यालाच कळेल. आमचा रोटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर फिरायचा आणि त्याच्या बॅलन्सिंगसाठी आम्ही रात्री जागायचो. हा चाळीस मिलिमीटरचा पंखा २०,००० वर फिरतो. असमतोलाचा जोर फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो, म्हणजे एका ग्रॅमची तीच चूक तेवढ्याच अंतरावर इथे चव्वेचाळीस पट जोरानं हादरा देते. तो हादरा शाफ्टमधून तळाला, तळातून टाकीला. टाकीतलं इंधन फेसाळतं. फेस नळीतून कार्ब्युरेटरला गेला की इंधनाऐवजी हवेचे बुडबुडे, इंजिन क्षणात लीन, म्हणजे इंधनाला भुकेलं, आणि आवाज बसतो. पुतण्या नीडल उघडायचा, मग सुरुवातीला रिच व्हायचं, म्हणून बंद करायचा. दोन महिने हा खेळ चालला होता, आणि खोट बसली होती बोटीच्या दुसऱ्या टोकाला, मूठभर पितळी रंगाच्या तुकड्यात.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी तोडून सांगितली. हे पंखे बेरिलियम-तांब्याचे असतात, आणि बेरिलियमची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. मिस्त्री तो सरळ कोरड्या ग्राइंडरला लावायला निघाले होते, शेजारी त्यांचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा डबा घेऊन उभा. मी ग्राइंडरचं बटण बंद केलं. ते रागावले. मग मी कोराडीतल्या ॲस्बेस्टॉसच्या दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथे लिहीत नाही. आता ते परातीत पाणी घेऊन, पाण्याखाली वॉटर पेपरनं घासतात, आणि ते पाणी नाल्यात न टाकता डब्यात साठवतात. तुम्ही पंखा दिलात तर हे डोळ्यांनी बघून घ्या. घरी करणार असाल तर असंच करा, नाहीतर करू नका.

फरक किती पडला तो कानानं नाही, आकड्यानं सांगतो. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, म्हणजे फेऱ्याला एक धमाका. मोबाइलवर आवाजाची वारंवारता दाखवणारं ॲप घेतलं. बोट जवळ येताना सूर चढतो, दूर जाताना उतरतो, म्हणून दोन्हींची सरासरी काढली. जुन्या पंख्यावर ती सेकंदाला २८५ आली होती, म्हणजे मिनिटाला १७,१०० फेरे, आणि बोटीत ठेवलेल्या जीपीएसवर ताशी ४८ किलोमीटर. ४० च्या पंख्यावर ३४० आली. म्हणजे २०,४०० फेरे. ५६ मिलिमीटर पिचनं निव्वळ हिशेब ताशी ६८.५ किलोमीटरचा होतो. जीपीएसनं ५९ दाखवले. चौदा टक्के पाणी निसटलं. जुन्या पंख्याचा निव्वळ हिशेब साठाचा होता, तिथे वीस टक्के निसटत होतं. लहान पंखा, वेग जास्त. पंख्याची मजुरी साडेतीनशे.

ही आकडेमोड कुठे केली, तर उमरेड रोडच्या बाजूला एका गावच्या तलावावर. शहरातल्या तलावांवर नायट्रोची बोट घेऊन जाऊच नका. अंबाझरी आणि फुटाळ्यावर माणसांची गर्दी, आणि सेकंदाला सोळा मीटर धावणारी धारदार पंख्याची वस्तू ही काही कागदाची होडी नाही. शेततळ्याचा नादही सोडा. पुतण्यानं एकदा काटोलकडच्या मित्राच्या चौतीस मीटरच्या शेततळ्यात सोडायचं ठरवलं होतं. मी फक्त म्हटलं, दोन सेकंदांनी वळवशील का तिला? गावच्या तलावाला ग्रामपंचायतीची लेखी परवानगी काढली आणि तिथे शिंगाडा लावणाऱ्या ढीवरभाऊंचं वेळापत्रक विचारून घेतलं. त्यांचा डोंगा पाण्यात असला की आमची बोट काठावर. तरी एकदा पंख्यात शिंगाड्याचा वेल अडकलाच. बोट मधोमध थांबली आणि त्यांनीच डोंग्यातून आणून दिली. हातात देताना म्हणाले, "एवढुसक्या बोटीले एवढा आवाज?" वेलाचे पैसे दिले, घेत नव्हते.

आता मिस्त्रींच्या सेवेतला कच्चा भाग. ते इंजिन सुरू करून, ट्यून करून देतात आणि नीडलवर लाल रंगाचा ठिपका लावतात. "दोन फेरे आणि पाव, हात लावू नोका." हा ठिपका विसरा. त्यांच्या स्टँडवर इंजिनाला लोड म्हणून विमानाचा लाकडी पंखा असतो, हेडला बादलीतलं पाणी फिरवलेलं असतं. तिथे फेरे पंधरा-सोळा हजारांच्या वर जात नाहीत. पाण्यावर बोट उठली, पाइप लागला, की इंजिन एकदम जास्त हवा ओढतं आणि तेवढ्याच नीडलवर लीन होतं. माझं पहिल्याच पल्ल्यात झालं. मी आवाज चिरका होताना ऐकला आणि थ्रॉटल सोडला म्हणून वाचलं. काठावर नेऊन एक अष्टमांश फेरा उघडली, पुन्हा सोडली, पुन्हा तेवढीच उघडली. तिसऱ्यांदा जमलं. धूर पूर्ण पल्ला दिसत राहिला पाहिजे, ही माझी खूण. धूर गायब आणि आवाज गोड झाला की समजायचं, आता काहीतरी तुटणार आहे.

स्टँडच्या ठिपक्यावर विश्वास न ठेवायचं दुसरं कारण नागपूरचं हवामान. डिसेंबरात सकाळी साडेसहाला तलावावर ११ अंश होते. मे महिन्यात त्याच वेळी ३१, आणि दहा वाजता ४२. ११ अंशांची हवा आणि ४२ अंशांची हवा यांच्या घनतेत दहा टक्क्यांचा फरक आहे. गरम हवेत प्राणवायू कमी, म्हणून इंधनही कमी लागतं, नीडल किंचित बंद करायची. आपले लोक उलटं करतात. ऊन वाढलं, इंजिन तापेल, या भीतीनं नीडल उघडतात आणि मग बोट म्हशीसारखी चालते. तापण्याचा इलाज पाण्यात आहे. मिस्त्रींनी पाणी बाहेर पडण्याच्या नळीसाठी तीन वेगवेगळ्या भोकांचे पितळी जेट बनवून दिले, तिन्हींचे मिळून दीडशे रुपये. थंडीत लहान भोक, म्हणजे इंजिन फार थंड होत नाही, उन्हाळ्यात मोठं. पिंचवाल्या इंजिनासाठी डिसेंबरचं गार पाणी मेच्या उन्हापेक्षा वाईट, हे मला त्यांच्याकडून कळलं. असल्या छोट्या कामात हा माणूस बाप आहे.

आणि आता बाटली.

मिस्त्री सुटं इंधन विकतात. "पंचवीस टक्केवालं", म्हणजे तेवढं नायट्रोमिथेन असलेलं, लिटरला नऊशे. सीलबंद डबा जवळपास दुप्पट पडतो, आणि विमानानं येत नाही, कुरिअरवाला हात लावत नाही, म्हणून मोह होतो. मलाही झाला. पिण्याच्या पाण्याच्या जुन्या बाटलीत, लेबल नाही, आत गुलाबी द्रव. घरी फ्रीजच्या बाजूला ठेवली असती तर कोणी सरबत समजून ओतलं असतं. यात निम्म्याहून जास्त मिथेनॉल असतं. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनंच. ते विष म्हणून नोंदलेलं आहे, परवान्याशिवाय विकायचं नसतं. वर ते जळताना भर उन्हात ज्योत दिसत नाही. हात भाजल्यावर कळतं की आग लागलीय.

एवढं समजूनही मी ती बाटली वापरली, हेही लिहितो. बोट ठीक चालली, पण पूर्वीइतकी नाही, आणि नीडल नेहमीपेक्षा जास्त बंद करावी लागली. तिथे शंका आली. नायट्रोमिथेन स्वतःची शिदोरी घेऊन येतं, त्याच्या रेणूतच प्राणवायू असतो. एक किलो मिथेनॉल जाळायला साधारण साडेसहा किलो हवा लागते, एक किलो नायट्रोमिथेनला फक्त १.७ किलो. म्हणून तेवढ्याच हवेत ते कितीतरी जास्त जाळता येतं, आणि त्याची स्वतःची उष्णता मिथेनॉलपेक्षा कमी असूनही हवेच्या हिशेबानं ताकद दुपटीच्या आसपास निघते. म्हणून नायट्रो वाढलं की नीडल उघडावी लागते. माझी बंद होत होती. म्हणजे बाटलीत नायट्रो कमी.

वजन केलं. नायट्रोमिथेनची घनता १.१४, मिथेनॉलची ०.७९, एरंडेलाची ०.९६. अठरा टक्के तेल धरलं तर पंचवीस टक्क्यांचं मिश्रण १०० मिलिलिटरला ९०-९१ ग्रॅम भरायला पाहिजे, सोळा टक्क्यांचं ८८ च्या आत. पुतण्याच्या ओळखीनं सराफाच्या वजनकाट्यावर गेलो. सोबत सीलबंद डब्यातलं पंचवीस टक्क्यांचं इंधन, दोन्ही बाटल्या तासभर एकाच बादलीत ठेवून एका तापमानाला आणलेल्या. सीलबंद ९०.३. मिस्त्रींचं ८७.४. सराफ विचारत होता, हे कसलं तेल आहे? मी म्हटलं, खेळण्यातलं. तेल कमी असण्याची भीती होती, कारण तेल कमी म्हणजे थेट बेअरिंगवर. म्हणून गच्चीवर, आजूबाजूला कोणी नसताना, दोन्हींचे दहा-दहा मिलिलिटर उघड्या ताटलीत उडू दिले. दोन्हींत उरलेलं तेल जवळपास सारखं. म्हणजे तेलात चोरी नव्हती, नायट्रोत होती.

मिस्त्रींना आकडे दाखवले. ते खजील झाले, पण पटकन म्हणाले, "काकाजी, मले जसं आणून देते तसं मी इकतो. मी काय मापून राह्यलो का?" हे उत्तर मला पटत नाही. जो माणूस पंख्यातला केसाएवढा फरक ब्लेडवर तोलतो, त्यानं बाटली न तोलता विकायची? त्या दिवशी त्यांनी जेटचे दीडशे परत देऊ केले. मी घेतले नाहीत, कारण जेट चांगले होते. बाटल्या अजून फडताळात आहेत, हे मात्र परवा पाहिलं.

तर इंधन तिथून घेऊ नका. सीलबंद घ्या, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा, आणि पावसाळ्यात झाकण उघडं सोडू नका. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, मग प्लग विझतो. खेळून झालं की टाकी रिकामी करा, नळीत-इंजिनात उरलेलं इंधन इंजिन चालवूनच संपवा आणि इंजिनात संरक्षक तेलाचे चार थेंब घालून दहा-बारा फेरे फिरवा. जळालेल्या नायट्रोची आम्ल आत राहिली तर बेअरिंगला आठवड्यात गंज धरतो. हे मिस्त्री सांगत नाहीत. बहुधा फवारणी पंपाला लागत नाही म्हणून.

ट्यून्ड पाइपची लांबी त्यांना जमत नाही. दोनदा कापला, दोनदा वेल्ड केला, शेवटी मीच रबरी सांधा मागेपुढे करून बसवला. पैसे रोख किंवा यूपीआय. पावती मागू नका, मिळत नाही. गाडी बोळात नेऊ नका. दुपारी एक ते तीन शटर अर्धं खाली असतं, तेव्हा बाहेर बसून समोरच्या हातगाडीवरचे तर्री पोहे खायचे. तर्री जास्त मागितली की पोहेवाला मिस्त्रींच्या उधारीचं सांगायला लागतो.

माझा जुना एक्स ४४२ सध्या तिथेच आहे. तो कापून ४० करावा असं मी म्हणतो. मिस्त्रींचं म्हणणं, नुसता तोलून धार लावून ठेवू. डिसेंबरात हवा जड असते, इंजिन तो ओढेल. मी त्यांना दहा टक्के आणि अठ्ठावीस टक्के हे दोन आकडे कॅलेंडरच्या त्याच पानामागे लिहून दाखवले. ते म्हणाले, "बघू नं, पाण्यात टाकल्यावर समजते." गुरुवारी देणार आहेत. कोणत्या गुरुवारी, ते विचारलं नाही.